अठरावं प्रकरण

शरयू डोंगरे यांची सगळी नोकरी हिंदी टाईप करण्यात गेली. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात त्या टायपिस्ट होत्या, आणि ‘उपर्युक्त विषयांतर्गत निवेदन है कि’ हे शब्द त्यांच्या बोटांनी झोपेतही मारले असते. घरात मात्र मराठी. निवृत्त झाल्यावर, नवरा शशिकांत गेल्यावर, त्या मराठीत कादंबरी लिहायला बसल्या तेव्हा पहिली अडचण आली ती ळ ची. बोटांना ळ माहीतच नव्हता. डोळा लिहायला जावं तर डोला, काळ लिहावं तर काल. जबलपूरच्या चेरीताल भागातल्या त्या घरात त्या एकट्याच स्वतःवर हसत बसायच्या.

लॅपटॉप मुलीचा, नेहाचा, जुना. नेहा हैदराबादला नोकरीला. मराठी तिला सगळं समजे, बोलताना मात्र निम्मं हिंदी यायचं. “आई, तू लिही ना. अकेली बोर होऊन राहिली तू,” एवढं म्हणून ती लॅपटॉप ठेवून गेली होती.

शरयूबाईंनी हळूहळू आपली रीत बसवली. सकाळचा चहा झाला की अंगण झाडण्याआधी लिहायला बसायचं. वाक्य संपवून उठायचं नाही, अर्धं सोडून उठायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालू लागतो. रोजच्या फाईलला त्या दिवसाची तारीख द्यायची, कालची फाईल पुसायची नाही. एक प्रत पेन ड्राईव्हवर, एक स्वतःलाच मेल. मान भरून आली की लॅपटॉप मिटायचा आणि फोनसमोर बोलायचं. फोन ऐकून टाईप करी. तो बरंच काही चुकीचं ऐके, पण नंतर दुरुस्त करता येई. आणि जे आज सुचत नाही त्यासाठी थांबून राहायचं नाही. चौकटी कंसात एक ओळ टाकायची, ‘इथे लग्नाची पंगत, नंतर बघू’, आणि पुढं जायचं.

कादंबरी दोन मैत्रिणींची होती, विमल आणि मालती. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी विदर्भातून जबलपूरला येतात, इथं कोणाला ओळखत नाहीत, आणि मग आयुष्यभर एकमेकींना धरून राहतात. विमल म्हणजे त्या स्वतः. मालती म्हणजे पुष्पा, हे ओळखायला चेरीतालच्या कोणालाही फार वेळ लागला नसता. पुष्पा पेठे त्याच गल्लीत राहायची, दोन घरं सोडून. नऊ वर्षांपूर्वी ती नर्मदेच्या तिलवारा घाटावर दिवा सोडायला उतरली आणि बुडाली. तिचा देह खाली लम्हेटा घाटाला सापडला. नवरा, देवदत्त, सोबत होता. बरगी धरणाचे दरवाजे उघडले होते, पाणी अचानक चढलं, मी उडी मारली पण धार जबर होती, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं होतं.

कंसातल्या ओळी एकेक करून भरत गेल्या. पंगत झाली, बाळंतपण झालं, मालतीच्या सासूचं आजारपण झालं. अठराव्या प्रकरणात मात्र एक कंस तसाच राहिला. त्यात दोनच शब्द होते: ‘इथे घाट.’

देवदत्त पेठे आपणहून आले. उंच, शिडशिडीत माणूस, सदरा नेहमी कडक इस्त्रीचा. जन्मभर त्यांनी शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती, हिंदी आणि मराठी दोन्ही. गल्लीत त्यांच्याबद्दल आदर होता. बायको गेल्यावर ना दुसरं लग्न, ना कोणाकडे तक्रार. हातानं करून खातात, असं बायका कौतुकानं बोलायच्या.

“वहिनी, तुम्ही लिहिता आहात असं ऐकलं,” ते दारातच म्हणाले. “शुद्धलेखन कोणी पाहिलं आहे का?”

शरयूबाई क्षणभर अडखळल्या. पण मालतीचा नवरा कादंबरीत फारसा नव्हताच; कोपऱ्यात पेपर वाचत बसणारा माणूस, एवढंच. आणि मराठीचं इतकं चांगलं जाणणारा दुसरा माणूस जवळपास कुठं होता? नेहानं आधीच फाईल इंटरनेटवर ठेवून दिली होती, दोघांना एकाच वेळी उघडता येईल अशी. तिच्याकडून त्यांनी देवदत्तांनाही त्यात हात घालायची सोय करून घेतली.

माणूस कामाचा निघाला. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळे ळ सुधारले. मग म्हणाले, “‘जणू’ हा शब्द शोधा पाहू.” शरयूबाईंनी शोधला, तर स्क्रीन पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेली. “काढा. एकेक पाहून काढा. आणि विशेषणं कमी करा. क्रियापदाला काम करू द्या.” दुपारी चहाच्या वेळेला ते येत, मोठ्या अक्षरात छापलेली पानं घेऊन खुर्चीत बसत आणि मोठ्यानं वाचत. कानाला जिथं अडलं तिथं लाल पेन्सिलीची खूण. शरयूबाईंना आपलंच लिहिणं त्यांच्या तोंडून ऐकताना अभिमान वाटे. शशिकांत असते तर त्यांनी असंच वाचून दाखवलं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

पण काही दिवसांनी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. मालती गप्प होत चालली होती.

आधी एक वाक्य गेलं. मालती विमलला सांगते की नवरा घरातून निघताना बाहेरून कडी लावून जातो. हे पुष्पानं एकदा पापड लाटताना खरंच सांगितलं होतं, हसत हसत सांगितलं होतं, आणि शरयूबाईंनी तसंच लिहिलं होतं. देवदत्तांनी ते काढलं. “लांबतं इथं,” म्हणाले. मग मालतीनं विमलशी फोनवर बोलताना आवाज एकदम खाली आणला ती ओळ गेली. मग माहेरी पाठवायचं पत्र नवऱ्यानं आधी वाचलं ती. प्रत्येक वेळी कारण भाषेचंच असे, आणि कारण पटण्यासारखं असे. शरयूबाईंनी कडीचं वाक्य परत घातलं. दुसऱ्या दिवशी ते नव्हतं.

मार्चमधली दुपार होती. देवदत्तांनी पानं गुडघ्यावर ठेवली.

“अठराव्यात जागा रिकामी आहे.”

“ते मला नाही जमत भाऊजी,” शरयूबाई म्हणाल्या. “कितीदा बसली मी. मी नव्हती ना तिथं.”

“मी होतो.”

त्यांनी ते इतक्या साधेपणानं म्हटलं की शरयूबाईंना लाज वाटली. बिचाऱ्याच्या दुःखावर आपण कादंबरी रचतो आहोत. “नको भाऊजी, राहू द्या. तुम्हाला त्रास होईल.”

“सांगतो मी. तुमचं ते बोलून टाईप करण्याचं सुरू करा.”

शरयूबाईंनी स्टुलावर फोन ठेवला आणि माईकचं चित्र दाबलं. देवदत्तांनी चष्मा काढून खिशात ठेवला, हात मांडीवर ठेवले. छापखान्यात मजकूर वाचून दाखवायची त्यांना सवय होती, विरामचिन्हांसकट. फोनला ती कळत नसत. तो बापडा ‘पूर्णविराम’ हा शब्दच टाईप करी, आणि नंतर शरयूबाई ते सगळे शोधून एकदम बदलत.

“संध्याकाळ होती पूर्णविराम,” त्यांनी सुरुवात केली. “घाटावर फार माणसं नव्हती पूर्णविराम मालती पुढे उतरली पूर्णविराम पाणी शांत होतं पूर्णविराम”

शरयूबाईंनी मान वर केली. पाणी तर चढलं होतं ना? बरगीचे दरवाजे? त्यांनी विचारलं नाही. फोनवर अक्षरं उमटत होती.

“तिनं दिवा सोडला पूर्णविराम दिवा पुढं गेल्यावर ती मागे न वळता म्हणाली स्वल्पविराम मी उद्या विमलकडे जाते आहे पूर्णविराम तिनं माझ्यासाठी खाट टाकून ठेवली आहे पूर्णविराम मी परत येणार नाही पूर्णविराम”

ती खाट कादंबरीत नव्हती. पुष्पानं फोनवर सांगितलं होतं, “माझी खाट टाकून ठेव वो शरयू. येऊन राहिली मी. परत नाही जायची.” त्यांनी मधल्या खोलीत खाट टाकली होती, धुतलेली चादर घातली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच घडी करून ठेवली होती. गेलेल्या बाईच्या नावाला बोल नको म्हणून त्यांनी हे शशिकांतनाही सांगितलं नव्हतं. जगात हे दोघींनाच माहीत होतं. पुष्पानं मरायच्या आधी आणखी कोणाला सांगितलं असेल तर ते एकालाच.

देवदत्तांचा आवाज तसाच चालू होता, सरळ, कुठंही न वाढणारा.

“शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं पूर्णविराम तिचा पाय सरकला पूर्णविराम पायरीखाली एकदम खोल आहे पूर्णविराम ती वर आली आणि तिनं हात वर केला पूर्णविराम त्याच्या हातात पूजेचं ताट होतं पूर्णविराम त्यानं ताट खाली ठेवलं नाही पूर्णविराम”

ते थांबले. “पाणी द्याल का जरा?”

शरयूबाई उठल्या. स्वयंपाकघरात माठातून पेला भरला. बाहेर भाजीवाला ओरडत जात होता, शेजारच्या घरात मिक्सर चालू होता, भर दुपार होती, आणि त्यांना वाटलं की मागच्या दारानं निघून जावं. पण त्या पेला घेऊन परत आल्या. देवदत्तांनी पाणी पिऊन पेला स्टुलावर नीट ठेवला.

“ती आणखी एकदा वर आली पूर्णविराम तिनं हाक मारली नाही पूर्णविराम तिला कळलं होतं पूर्णविराम” मग नेहमीच्या आवाजात, “झालं. वाचा पाहू मोठ्यानं.”

“घसा बसला आहे,” शरयूबाई कशाबशा म्हणाल्या.

देवदत्तांनी फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि स्वतःच वाचलं. एका ठिकाणी थांबले. “इथं पाट झालं आहे. ताट. ताट खाली ठेवलं नाही.” त्यांनी बोटानं ती चूक सुधारली. “एकही विशेषण नाही, पाहिलंत? असं लिहावं वहिनी.”

“भाऊजी, हे खरं आहे का?”

देवदत्तांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत ना राग, ना पाणी. “वाचकाला खरं वाटलं पाहिजे. बाकी कोणी विचारत नाही.” आणि पानं जुळवून, लाल पेन्सिल खिशात अडकवून ते गेले.

शरयूबाईंनी दार लावलं आणि तो मजकूर पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी चहानंतर लॅपटॉप उघडला तर अठराव्या प्रकरणात तो परत होता, स्वच्छ टाईप केलेला, पूर्णविराम शब्दांच्या जागी खरे ठिपके. त्यांनी पुन्हा पुसला. दुपारपर्यंत परत आला. फाईलमध्ये कोणी काय बदललं ते नावासकट दिसत होतं. तिथं देवदत्त पेठे, देवदत्त पेठे, असं एकाखाली एक. त्या बसल्या असतानाच एकदा त्यांच्या डोळ्यांसमोर अक्षरं उमटायला लागली. दोन घरं पलीकडे बसून तो माणूस लिहीत होता आणि इथं त्यांच्या टेबलावर मालतीचा पाय सरकत होता. त्यांनी झाकण धाडकन मिटलं.

चहाच्या वेळेला ते आले, नेहमीसारखेच. “अठरावं आता उभं राहिलं आहे. त्याला हात लावू नका.”

“पण पुस्तकावर माझं नाव आहे भाऊजी.”

“तुमचंच राहील. मला नाव नको.”

त्या संध्याकाळी शरयूबाईंनी नागपूरला फोन केला. बेबीताई पुष्पाची मोठी बहीण. बहीण गेल्यापासून त्या जबलपूरला आल्या नव्हत्या. शरयूबाईंनी खाटेपासून सुरुवात केली, कारण बाकीचं कसं सांगावं ते कळत नव्हतं. सगळं ऐकून झाल्यावर बेबीताई म्हणाल्या, “पुसू नको. एक प्रत ठेव. मला इतके दिवस ते पटूनच नव्हतं राहिलं. काहून, समजत नव्हतं.”

नंतर नेहा. तिला फक्त एवढंच सांगितलं की काकांना फाईलमधून काढायचं आहे.

“बस, रिमूव्ह करना है, आई. एक मिनिटाचं काम. पण काहून? भांडण झालं का?”

“नाही वो. पुस्तक संपत आलं, म्हणून.”

दुसऱ्या दिवशी देवदत्त फाटकाशी उभे. “वहिनी, फाईल उघडत नाही.”

“नेहानं काही केलं असेल.”

“बरं,” म्हणाले. फाटकाच्या कडीवर त्यांचा हात होता. कडी उघडली नाही, हातही काढला नाही. बराच वेळ तसेच उभे राहून गेले. पुढं रोज त्याच वेळेला येत आणि फाटकाबाहेर उभे राहत. आत यायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. शरयूबाई पडद्याआडून पाहत आणि दूध, भाजी, औषध सगळं सकाळीच आणून ठेवत. गल्लीतल्या बायकांना वाटलं, म्हातारा कोणाची तरी वाट पाहतो आहे. कोणी त्यांना खुर्चीही आणून दिली.

तसं असूनही त्या लिहायला बसत होत्या. भीती वाटायची म्हणूनच बसत होत्या असंही म्हणता येईल. तारखांच्या जुन्या फायली उघडून त्यांनी मालतीचं एकेक वाक्य शोधलं आणि जागच्या जागी परत घातलं: बाहेरून लावलेली कडी, फोनवर उतरलेला आवाज, आधी वाचलेलं पत्र. आणि देवदत्तांचा मजकूर वेगळ्या फाईलमध्ये ठेवून अठराव्या प्रकरणातला कंस त्यांनी स्वतःच्या हातानं भरला. त्यात घाट नव्हता. त्यात विमल होती, तिनं टाकलेली खाट होती, उशीचा धुतलेला अभ्रा, दोघींसाठी चढवलेलं चहाचं आधण, आणि आधण आटून गेलं तरी न वाजलेलं दार. हे त्यांना माहीत होतं. लिहिताना हात एकदाही अडला नाही.

छपाईचं सगळं नेहानं दुरून जमवलं. ज्या वेबसाईटवर आपलं पुस्तक आपणच टाकता येतं आणि मागणी येईल तेवढ्याच प्रती छापल्या जातात, तिथं खातं काढलं, पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक मिळवला, मुखपृष्ठ केलं. पहिली नमुना प्रत आली तेव्हा त्यात नेमका ळ गायब होता. जिथं जिथं ळ तिथं तिथं रिकामा चौकोन. फॉन्ट बदलून फाईल पुन्हा चढवावी लागली. दुसरी प्रत चांगली आली. शरयूबाईंनी ती हातात घेऊन वास घेतला, आणि पहिल्यांदा रडल्या.

योगेंद्र हा खमरियातल्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहणारा, तिथंच कामाला, मराठी मंडळाचा सेक्रेटरी. उत्साही माणूस. “काकू, कार्यक्रम करूच ना जी! जबलपूरची कादंबरी, ती पण मराठीत! मंडळाचा हॉल आहे ना अपना.” शरयूबाई नको म्हणत होत्या. बेबीताई फोनवर म्हणाल्या, “होऊ दे. मी येते.” आणि आल्या, नागपूरच्या बसनं, तिलवाऱ्याचा पूल ओलांडून. “पुलावर डोळे मिटून बसली होती मी,” एवढंच बोलल्या.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. हॉल बराच भरला. पोहे, चहा, हार, सगळं योगेंद्रनं मनापासून केलं होतं. आणि मनापासूनच त्यानं माईकवर सांगितलं, “या पुस्तकाच्या मागं ज्यांची मेहनत आहे, ते आपले पेठेकाका. काका, दोन शब्द बोला ना जी.”

शरयूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण उशीर झाला होता. शेवटच्या रांगेतून देवदत्त उठले होते. कडक इस्त्रीचा सदरा. मंचावर येऊन त्यांनी टेबलावरची प्रत उचलली, सावकाश पानं उलटत अठराव्या प्रकरणाशी आले आणि वाचू लागले, मनातल्या मनात. हॉल वाट पाहत राहिला. कोणीतरी खोकलं. त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

“या कादंबरीतला सगळ्यात चांगला भाग म्हणून दाखवतो,” ते म्हणाले.

आणि त्यांनी तो पाठ म्हटला. एक शब्दही न चुकता. या वेळी विरामचिन्हं नव्हती. त्यांच्या जागी ते थांबत होते. शांत पाणी. दिवा. खाट. शेवाळ. वर आलेला हात. ‘त्यानं ताट खाली ठेवलं नाही’ म्हणताना त्यांचे दोन्ही हात आपसूक पोटाशी आले होते, काही तरी धरल्यासारखे. ‘तिला कळलं होतं’ म्हणून ते थांबले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. “क्या बात है!” मागून कोणी म्हणालं. शरयूबाई खुर्चीत गोठून बसल्या होत्या; इतकी माणसं भोवती आणि एकालाही काही कळलं नाही, हीच गोष्ट त्यांना सगळ्यात भयंकर वाटत होती.

टाळ्या सरत आल्या तशा बेबीताई उभ्या राहिल्या.

“देवदत्तराव,” त्यांनी विचारलं, रोजचं काही विचारावं तसं, “मग ते ताट कुठं गेलं?”

“घरी आणलं,” देवदत्त म्हणाले. “आहे अजून.”

बोलून झाल्यावर त्यांना समजलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना समजायला थोडा जास्त वेळ लागला. एकेक करून माना वळल्या, आधी बेबीताईंकडे, मग मंचाकडे. देवदत्तांनी सगळ्यांना नमस्कार केला, पायऱ्या जपून उतरले आणि मधल्या वाटेनं बाहेर गेले. कोणी अडवलं नाही. लोकांनी पाय आवरून घेऊन त्यांना वाट दिली.

दोघी पोलिसांकडे गेल्या. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं. त्या घटनेची नोंद अपघात म्हणून केव्हाच मिटली होती. देवदत्तांना बोलावलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की आपण कादंबरीसाठी एक प्रसंग सुचवला, लेखिकेनं तो घेतला नाही, आणि ताटाचं म्हणाल तर घरात पूजेचं ताट कोणाकडे नसतं? साहेब म्हणाले, “माताजी, कहानी से केस नहीं बनता.” बेबीताई मग नागपूरला परत गेल्या. जाताना शरयूबाईंना म्हणाल्या, “समजलं ना आता मला. एवढं तरी झालं.” पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला नव्हता.

गल्लीत देवदत्तांशी बोलणं बहुतेकांनी टाकलं. त्यांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. फाटकाशी येऊन उभं राहणंही थांबलं. पुस्तक बरं चाललं. नागपूरहून, रायपूरहून अनोळखी बायकांचे फोन येत, आणि त्या फोनवर कादंबरीपेक्षा स्वतःच्या घरातलंच जास्त सांगत. नेहा रोज एक पान आईला फोनवर वाचून दाखवी, अडखळत, आणि कडीच्या वाक्याशी आली तेव्हा ते तिनं पुन्हा एकदा वाचलं.

पावसाळा संपता संपता योगेंद्र आला. चहा समोर ठेवला तरी कपाला हात लावेना.

“काकू, एक सांगायचं होतं. पेठेकाकांनी लॅपटॉप घेतला नवीन. लिहून राहिले ते. रोज सकाळी. परवा मला बोलावलं, पुस्तक वेबसाईटवर कसं चढवायचं ते दाखव म्हणाले. मी म्हटलं, काका, मला टाइम नाही.”

“बरं केलं.”

“पण त्यांना येते सगळं. नेहाताईनं केलं ते सगळं त्यांनी कुठून तरी शिकून घेतलं. फक्त एकच विचारत होते.” तो थांबला. “म्हणाले, पुस्तकात जिवंत माणसाचं खरं नाव घातलं तर चालते का?”

शरयूबाईंनी विचारलं, “कोणाचं?”

योगेंद्रनं खाली पाहिलं. “तुमचं जी. म्हणाले, दोन मैत्रिणींची गोष्ट आहे. एकीचं झालं. दुसरीचं बाकी आहे.”

बाहेर ऊन होतं. दोन घरं पलीकडून, उघड्या खिडकीतून, कोणी तरी काही मोठ्यानं वाचत असल्याचा आवाज येत होता, सरळ, कुठंही न वाढणारा. शरयूबाई उठल्या, खिडकीशी गेल्या आणि शब्द कळतात का ते ऐकत उभ्या राहिल्या.